आतलं माप

कपाटवाल्यांनी पेटीच्या डाव्या फळीला कान लावला आणि बोटाच्या पेरानं टकटक केली. मग वीतभर खाली सरकून पुन्हा. वरच्या अंगाला आवाज कोरडा आणि आखूड येत होता, हवा तसाच. मधोमध मात्र फळी किंचित घुमल्यासारखी वाटली. खरंच वाटली, की त्यांना ती घुमायला हवी होती? त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. त्यानंही ठाम असं काही सांगितलं नाही.

छातीएवढ्या उंचीच्या दोन पेट्या कारखान्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या. पुढे ताटाएवढं गोल भोक, खाली हवेच्या येण्याजाण्यासाठी आडवं तोंड. भोकात बसवायचे स्पीकर आणायला लेक बाहेर गेली होती. असल्या अवाढव्य पेट्या लोकांच्या घरात पोचवण्यात हयात गेल्यामुळे गल्लीत त्यांना सगळे कपाटवाले म्हणत. आता दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर ते आधी मागे वळून बघत.

पेट्या एका निवृत्त डॉक्टरांसाठी होत्या. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, जेमतेम आठ वॉटचा. तेवढ्यावर बैठकीची खोली भरायची आणि खालचे सूर तळपायाला कळायचे, म्हणजे पेटी मोठी हवी; ताकद कमी तिथे जागा जास्त. कपाटवाल्यांनी हे गणित जन्मभर अंदाजानं आणि करवतीनं सोडवलं होतं. लेक ते कागदावर सोडवायची. या दोन पेट्या पहिल्या रेघेपासून तिच्या होत्या.

“यांना हात लावायचा नाही, बाबा,” गेल्या आठवड्यात फळ्या जोडायला घेताना तिनं बजावलं होतं. “एक खिळासुद्धा नाही. लावलात, तर मी सोमवारी त्या कंपनीला हो म्हणून कळवते.”

कंपनी लांबच्या शहरातली, मोटारींचे स्पीकर करणारी; तिला नोकरी देऊ करत होती. ती चिडून बोलली असती तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण ती हातातल्या फळीला रंधा मारत, अगदी साध्या आवाजात बोलली होती. तिचंही बरोबर होतं. तिच्या पहिल्या पेटीचं तोंड त्यांनी बोटभर रुंद केलं होतं. दुसरीची मागची फळी बदलली. तिसरीच्या वेळी गिऱ्हाईक तिचं कौतुक करत असताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, “शेवटी मी जरासा हात फिरवला.” ती कपबशा उचलून आत गेली होती.

कपाटवाल्यांनी पुन्हा एकदा टकटक केली. मग ते कोपऱ्यातल्या लाकडांकडे गेले.

तीन जाड दांडे कापायला वेळ लागला नाही. हात गोल भोकातून खांद्यापर्यंत आत, गाल फळीला चिकटलेला, अशा अवस्थेत त्यांनी पहिला दांडा सरस लावून दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये ठोकून बसवला. दुसरा बसवला. तिसरा बसवताना पाठीमागून बायकोचा आवाज आला.

“अहो, चहा. आणि हे काय? तिनं सांगितलंय ना?”

“बघत होतो नुसता.”

“नुसतं बघितलं की हाताला सरस लागतो होय?”

“मधे घुमतेय गं फळी.”

“तुमचं डोकं घुमतंय. ती गेली ना निघून, तर या पेट्यांशी बोलत बसा दोघींशी.” तिनं कप स्टुलावर ठेवला. “मी आले नाही आणि मी काही पाहिलंही नाही.”

ती वळली तोच फाटकाशी स्कूटर थांबली. कपाटवाल्यांनी दांड्यांवर आवाज शोषायला आत भरलेल्या लोकरीचा थर ओढून घेतला आणि सरसाचा डबा पायानं टेबलाखाली सरकवला. दुसरी पेटी तशीच राहिली.

लेकीनं खोकी उतरवली. तिचं लक्ष पेट्यांकडे जायच्या आत ते पुढे झाले.

“मी बसवतो स्पीकर. तू दमली असशील. मोजायचं उद्या बघू.”

तिनं क्षणभर त्यांच्या बाहीला चिकटलेल्या भुशाकडे पाहिलं.

“बसवा,” ती म्हणाली.

दांड्यांनी आतली जागा खाल्ली, की पेटीचा सूर चढणार, हे त्यांना ठाऊक होतं. ठोकतानाही ठाऊक होतं. अर्ध्या कंपनाचा फरक. यंत्राला कदाचित कळणार नाही, अशी आशा धरून ते रात्रभर कुशी बदलत राहिले.

सकाळी तिनं तारा जोडल्या. खोलीभर एक खोल, सपाट घुंई सुरू झाली. ती बटण तसूतसूनं फिरवू लागली. प्रत्येक पेटीला तिचा स्वतःचा एक सूर असतो. तो लागला की स्पीकरच्या पडद्याचा कागद जवळजवळ थांबतो आणि खालच्या तोंडातली हवाच तेवढी श्वास घेते. तिच्या आराखड्याप्रमाणे तो सूर सेकंदाला तीस कंपनांवर लागायला हवा होता. कपाटवाल्यांनी पहिल्या पेटीच्या तोंडाशी हात धरला. पंज्यावर वारा आला.

“तीस,” ती म्हणाली. “बरोब्बर.”

त्यांच्या तोंडून सुटकेचा उसासा निघणार होता, तो त्यांनी आवरला.

तिनं तारा दुसऱ्या पेटीला लावल्या. ही तर तिच्याच हातची, न बिघडवलेली. घुंई तिसावर आली, पण कागद थरथरतच राहिला. तिनं बटण मागे घेतलं. कागद थांबला.

“साडेएकोणतीस.”

कपाटवाले आकड्याकडे बघत राहिले. हे उलटं होतं. दांडे घातलेली चढायला हवी होती आणि ही नेमकी तिसावर यायला हवी होती. हिच्यात जागा जास्त भरत होती. किती जास्त, याचा हिशेब त्यांनी मनात मांडला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

लेकीनं घुंई बंद केली. तारेचं वेटोळं करता करता ती म्हणाली, “हिच्यात घालायचे राहिले वाटतं दांडे.”

त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या.

“तुला आईनं...”

“आई कशाला सांगतेय? आकडे मांडतानाच धरले होते मी. तीन. दोनच धरले असते तर तुम्हाला अपमान वाटला असता.”

“आणि मी हात लावलाच नसता तर?”

“तर तेवढ्या मापाच्या विटा टाकल्या असत्या आत.” ती हसली नाही. “वाट बघितली मी. काल बाहेर मुद्दाम उशीर केला.”

कपाटवाले स्टुलावर बसले. बाहेर कुणीतरी फाटकाशी गाडीला किक मारत होतं. ती लागत नव्हती.

“मग सोमवारचं?” त्यांनी विचारलं.

“ते मी अजून ठरवलेलं नाही. आधी हिचे स्क्रू काढा.”

त्यांनी एकेक स्क्रू काढून डबीत टाकला. स्पीकर दोघांनी मिळून खाली उतरवला. मग त्यांनी कोपऱ्यातून दांडे कापून आणले आणि पहिला हातात घेऊन ते भोकाशी वाकले. खांद्यापर्यंत हात आत गेला. दांडा डाव्या फळीला टेकला, आणि हातोडीकडे निघालेला दुसरा हात वाटेतच थांबला.

“कुठे लावू?” ते म्हणाले.

लेकीनं वेटोळं टेबलावर ठेवलं, लोंबता दिवा ओढून जवळ आणला, आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून ती आत बघू लागली.