बघायला येणारी माणसं

रविवार आला की मी अकरापर्यंत घर चकाचक करून ठेवते. मोठ्या शहराबाहेरची ही आमची वसाहत, चाळीस रो-हाऊस, सगळी एका साच्यातली. माझं सगळ्यांत आधी विकलं गेलं. बाकीची तेव्हा रिकामी, कुलपात. दलाल म्हणाला, "मावशी, गिऱ्हाइकांना तुमचंच दाखवू का? सामानासकट घर कसं दिसतं ते कळतं." हे गेल्यापासून माझ्याकडे फिरकत होतं कोण? म्हटलं, आण बाबा.

तीन वर्षं लोक येतायत. कपाटं उघडतात, नळ सोडून बघतात, माझ्या पलंगावर खुशाल बसतात. मी चहा टाकते. दलाल सोयी सांगत सुटतो. बाग, पोहण्याचा तलाव, दवाखाना दहा मिनिटांवर. विमानाने जात असेल मेला.

घरं भराभर गेली, पण शेजार काही लाभला नाही. सगळी मंडळी सकाळी सातला शहराकडे पळतात, अंधार पडल्यावर उगवतात. बागेत बाकं आठ आणि बसणारी मी एकटी. खोटं कशाला बोलू, मला रविवारची चटक लागली होती.

आता एकच घर उरलं होतं, माझ्या भिंतीला लागून. ते गेलं की दलाल कशाला येतोय इकडे?

गेल्या रविवारी त्याने एक जोडपं आणलं, सोबत नवऱ्याची आई. आई बिचारी कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा घेत बसली. मुलाला घर फारच आवडलं. पलंग कुठे, टीव्ही कुठे, त्याचं सुरूही झालं.

दलाल फोन घ्यायला बाहेर गेला तसं मुलाने हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा, इथे कसं काय?"

मी सुटलेच. "पाणी? करंगळीएवढी धार येते. आणि भिंतींना ही ओल! मी कपाटं उगाच का लावलीत तिथे?"

धडधडीत खोटं. पाणी तर धो धो येतं. सुनेने पर्स उचलली.

दारात त्या आईने माझा हात धरला. "हे दोघं दिवसभर कामाला असतात हो. मी म्हटलं होतं, घर कसंही असू दे, बोलायला शेजारी कुणीतरी हवं. तुम्हाला बघितलं आणि वाटलं, जमलं बाई आपलं. जाऊ दे, नशीब एकेकाचं."

त्या गाडीत बसल्या, तशी मी अनवाणीच मागे धावले. "अहो, ओलबिल काही नाही! पाणीही भरपूर आहे, मी आपलं उगाच बोलले!"

मुलगा दलालाकडे बघून हसला. "काकूंना लगेच पढवलंत वाटतं?" म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

दलालाला वाटलं, मी त्याच्यासाठीच धावले. "नका हो मनाला लावून घेऊ मावशी," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसरे कुणीतरी आणतो."

मला हवं होतं तेच तो देत होता, आणि मी भर रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडत होते.