वरचं दूध

स्वयंपाकघरातला नळ अगदी बारीक धारेनं सुरू झाला, तशी अक्षतानं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. दुपारचे दोन वाजले होते. आई बोंडलं धूत होती. स्टीलचं बोंडलं ओट्यावर टेकलं की वाजतं, म्हणून ती ते पदरातच पुसायची. मग चमच्याच्या दांड्यानं पावडरच्या डब्याचं झाकण उचकटायची. कोमट पाणी तयार असायचंच. नंतर ती अनवाणी यायची, अक्षताच्या कुशीतलं बाळ अलगद उचलून आत न्यायची आणि दार लोटून घ्यायची. पुढची दहा मिनिटं बाळाचे घुटके ऐकू यायचे. अक्षता श्वास एका लयीत ठेवायची.

पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. अक्षता जरा आडवी झाली की, दिवसातनं तीनदा.

बाळ पाच दिवसांचं असताना अक्षतानं शेजारणींच्या देखत आईला बजावलं होतं, "सहा महिने अंगावरचंच. बाकी थेंबही द्यायचा नाही. मी सगळं वाचलंय, उगीच अडाण्यासारखं काही करू नकोस." आईनं, सोनूबाईंनी, तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. दर महिन्याला मुलांची वजनं केली होती आणि हेच वाक्य बावड्यातल्या कितीतरी बाळंतिणींना ऐकवलं होतं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या होत्या. महिन्यानं डॉक्टरांच्या काट्यावर बाळाचं वजन जन्माच्या वजनापेक्षा जेमतेम पाव किलो जास्त भरलं. परवाच्या खेपेला मात्र ते चांगलं वाढलं होतं. "आईचं दूध ते आईचं दूध," डॉक्टर म्हणाले होते, आणि अक्षता आईकडं न बघता हसली होती.

दार करकरलं. बाळ पुन्हा कुशीत आलं, जड आणि ऊबदार.

"झोपलीस व्हय गं?"

"आत्ताच जाग आली."

"बाळी निजलीया. शांत हाय बघ आता."

अक्षता उठून बसली. शुक्रवारी स्तनपानाच्या सल्लागार मॅडम घरी येणार होत्या. त्यांनी पाठवलेला तक्ता तिनं उशीखालून काढला. किती वाजता पाजलं, किती मिनिटं, किती लंगोट ओले झाले. शेवटचा रकाना होता, वरचं दूध दिलं का, किती. आई पायाशी बसून लंगोटांच्या घड्या घालत होती.

"त्या शेवटच्यात काय लिवतीस?"

"काय लिहिणार? शून्य."

"शून्य," आई म्हणाली. घातलेली घडी तिनं मोडली आणि परत घातली.

"त्या यायच्या आधी दोन तास पाजायचं नाही. पाजायच्या आधी वजन करतात, पाजल्यावर परत करतात. किती ग्रॅम दूध पोटात गेलं ते कळतं."

"आगं बया! येवढा बारीक काटा? आमच्या अंगणवाडीचा काटा तर पोरगं शिंकलं तरी अर्धा किलो पुढं पळायचा." आई हसली, मग तिनं बाळाकडं बघितलं. "म्हंजे दोन तास मी बी तिच्याजवळ फिरकायचं न्हाय म्हण की."

"का?"

"काय न्हाय. म्हातारीची लुडबूड कशाला मॅडमम्होरं." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सकाळी शेपू आणतो. शेपूनं दूध उतरतंय."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शेपू घेऊन परत येताना सोनूबाई कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर कोसळल्या. रिक्षा दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कागलहून शालूमावशी आली. आईची धाकटी बहीण. दवाखान्यातून आलेली पिशवी तिनंच रिकामी केली. वर शेपूची जुडी, खाली पावडरचा नवा डबा.

"अक्षे, ह्यो कुणासाठनं? तू तर वरचं देत न्हाईस."

खोलीत चार बायका होत्या.

"माहीत नाही," अक्षता म्हणाली.

"म्हंजे सोनी चोरून पाजत हुती की! जल्मभर दुसऱ्यांस्नी शिकवलं आन स्वोताच्या नातीला डब्यातलं? काय म्हणावं हिला!" मावशी रडत रडत बोलली आणि डबा कपाटावर सरकवला. अक्षतानं मान खाली घातली.

गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं. माणसं आली, सोनूबाईंबद्दल चांगलं बोलली, गेली. बाळ सारखं रडत होतं. आई गेल्याच्या दुःखानं दूध आटलं, असं एकीनं म्हटलं, मग सगळ्याच म्हणू लागल्या. अक्षतानं तेही खोडलं नाही. डबा कपाटावर होता. तो खाली काढायचा तर मग आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं. तक्त्यात ओले लंगोट आठावरून चारावर आले. तिनं ते प्रामाणिकपणे लिहिलं. शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं.

"मॅडमना पुढच्या आठवड्यात बोलवूया का?" पुण्याहून आलेल्या नवऱ्यानं, प्रसेनजीतनं, विचारलं.

"नको. उद्याच येऊ दे."

शुक्रवारी सकाळी नऊपासून बाळाला पाजलं नाही. साडेदहाला ते रडून रडून लाल झालं.

"लेकराला उपाशी ठेवायची ही कसली विद्या गं?" मावशी म्हणाली. अक्षता फेऱ्या मारत राहिली.

अकराला राजनंदिनी मॅडम आल्या. बोलणं कमी, हात गरम. बाळाला उघडं करून त्यांनी काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, अक्षताच्या पाठीशी उशी लावली, बाळाची हनुवटी नीट बसवली. पंचवीस मिनिटांनी पुन्हा वजन केलं.

"पंधरा ग्रॅम," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता हिला वरचं दूध द्या. पोट भरू दे. पुढचं आपण नंतर बघू."

मावशीनं डबा काढला. थोड्याच वेळात तिच्या मांडीवर बाळ घटाघटा पिऊ लागलं. खोलीत तेवढाच आवाज राहिला.

मॅडम तक्ता बघत होत्या.

"सोमवारपर्यंत आठ लंगोट. मंगळवारपासून चार. तुमच्या आईंचं कळलं मला. असा धक्का बसला की दूध कमी होऊ शकतं. तोवर तुमचं पुरत होतं, हे दिसतंच आहे."

"त्येच म्हणतोय मी," मावशी म्हणाली.

मॅडमनी कागदावर लिहायला सुरुवात केली. प्रसेनजीतनं अक्षताच्या खांद्यावर हात ठेवला. आता कुणी काही विचारणार नव्हतं. नुसतं गप्प बसलं तरी चालणार होतं.

"पुरत नव्हतं," अक्षता म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं.

"आई पाजायची. पावडरचं, दिवसातनं तीनदा. पंधरा दिवस. मी शून्य लिहिलं."

"बघ, म्हटलं न्हाय मी? चोरून—"

"चोरून नाही, मावशी." ती मावशीकडं वळली. "मी जागी असायचे. डोळे मिटून पडायचे आणि ती बाळाला न्यायला कधी येते, याची वाट बघायचे."