केंटच्या किनाऱ्यावरचा थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे आणि खरं सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे. मी कपाळापासून दोन बोटांवर धरायचा, प्लॅस्टिकचा, पिस्तुलासारख्या मुठीचा. ज्यानं मला हा आकार दिला, त्याला एकदा भेटायचं आहे. माझ्यासमोर आलेली निम्मी माणसं गोळीबारातून पळून आलेली होती. मला पाहून कितीतरी जणांनी हात वर केले. अरे, मी बापडा तीन आकडे दाखवणार, आणखी काय करणार!

कोविडच्या साथीत माझी भरती झाली. आधी एका सुपरमार्केटच्या दारात होतो. तिथे माझं फार कौतुक व्हायचं. मग माझी रवानगी झाली इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावर, एका पांढऱ्या तंबूत. रबरी होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्या माणसांना तिथे आणत. त्यांना या देशात आसरा मागायचा असे.

तंबूची व्यवस्था अवधूतकडे होती. हा मूळचा पुण्याचा, राहायला लंडनमधल्या हॅरोला, एका कंत्राटी कंपनीत शिफ्ट मॅनेजर. मनानं चांगला. भिजलेल्या माणसांना आधी हीटरसमोर बसवायचा आणि तिथेच त्यांच्या कपाळावर मला धरायचा. आता शेकलेल्या कपाळाचा ताप मी दुसरा काय दाखवणार? पहिलं टेबल माझं होतं, दुसरं नाव आणि आसऱ्याची मागणी लिहून घेण्याचं. माझा आकडा ३७.८च्या वर गेला की त्या माणसाला दुसरं टेबल दिसतच नसे. तो थेट तंबूशेजारच्या, आजाऱ्यांना वेगळं ठेवायच्या खोलीत, बिननावाचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी इराणमधली रोजिन नावाची कुर्द बाई आली, सात वर्षांच्या हानाला घट्ट धरून. आईचा आकडा ३८.६, आईच्या आडोशाला बसलेल्या लेकीचा ३६.७. अवधूतनं हानाला, नावं लिहून झालेल्यांना मुक्कामाच्या हॉटेलवर नेणाऱ्या बसमध्ये बसवलं आणि आईला खोलीकडे वळवलं. रोजिन फोनवरच्या दुभाष्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "मला इथे आसरा हवाय, हे लिहून घ्या. आणि माझ्या मुलीला नेऊ नका." दुभाषी बिचारा इमानानं सांगत होता. ऐकायला कोणाला वेळ होता?

तेवढ्यात तंबूवर नव्यानं नेमलेल्या डॉक्टर आसावरी आल्या. इथल्या इस्पितळांत त्यांची पंचवीस वर्षं गेलेली.

"अवधूत, जरा हीटरपुढे उभा राहा बरं."

दोन मिनिटांनी त्यांनी मला त्याच्या कपाळावर धरलं. ३८.१.

"चल, तुझीपण आयसोलेशनला रवानगी."

मला तर गुदगुल्या झाल्या. त्यांनी हीटर हलवला, बस थांबवून ठेवली आणि पंधरा मिनिटांनी सगळ्यांना पुन्हा मोजलं. सगळे खाली आले. रोजिन मात्र ३८.३. तिला खराच ताप होता.

"बघा डॉक्टर, फीव्हर जेन्युइन आहे," अवधूत म्हणाला. "ताप उतरला की आसऱ्याचा क्लेम घेऊ ना. आधी मेडिकल, मग ॲप्लिकेशन. माझ्या व्हिसाला पण टीबीचं सर्टिफिकेट आधीच लागलं होतं."

टेबलं अशी का मांडली होती, ते मला तेव्हा कळलं. वरून कोणी तसं सांगितलंच नव्हतं. स्वतः ज्या क्रमानं आला, तोच त्यानं इथे लावला होता. आणि तंबू लागल्यापासूनच्या तीन महिन्यांत एकानंही त्याला हटकलं नव्हतं!

"अरे, तू नोकरीला आलास," आसावरी कडाडल्या. "पुण्यात घरी बसून सर्टिफिकेटची वाट बघितलीस. ही जीव वाचवायला आलीय. आजारी आहे तर मी टेस्ट करते, ट्रीटमेंट देते, दहा दिवस सेपरेट ठेव, माझी ना नाही. पण क्लेम आत्ता लिहायचा. तापात माणसाचा हक्क जात नाही. आणि मुलगी आईजवळ राहील."

"पण तिला इन्फेक्शन झालं तर?"

"नऊ तास दोघी एका होडीत चिकटून बसल्या होत्या, अवधूत! आता तिला बसमधल्या चाळीस लोकांत सोडतोयस, त्याचं काय?"

अवधूतनं मास्क नीट केला. मग तो खोलीच्या काचेबाहेर खुर्ची घेऊन बसला आणि दुभाष्याचा फोन स्पीकरवर टाकला. रोजिननं नाव सांगितलं. हाना बसमधून उतरून आली, तिचंही लिहिलं. अवधूतनं दोन्ही नावांचं स्पेलिंग तीनदा विचारून घेतलं. दुपारी त्यानं टेबलांची अदलाबदल केली.

आता मी एका खोक्यात पडून आहे. बॅटऱ्या काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही, त्या आतच गळल्या. परवा नव्या साहेबांनी पुढच्या साथीच्या तयारीचा नकाशा काढला. त्यात माझं टेबल परत पहिलं! काय बोलणार?

मित्रांनो, मला पुसून ठेवा, गळक्या बॅटऱ्या काढा, एवढं माझ्यासाठी करा. साथ आली तर मला जरूर बाहेर काढा. पण त्याआधी समोरच्या माणसाला काय सांगायचंय ते लिहून घ्या. हानाची बस थांबवता आली. त्याआधीच्या तीन महिन्यांतल्या बसगाड्या सुटून गेल्या, आणि त्या खोलीत कोणाची आई मागे राहिली, हे शोधायला आमच्याकडे नावंच नाहीत.