गाणाऱ्याची जागा

आष्टीच्या रायभानचा बँजो ऐकला नाही असा नवरदेव परतूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. वरातीच्या टेम्पोत, स्पीकरला जोडलेला, बटणांचा बँजो. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. कोणतंही गाणं रायभाननं एकदा कानावर घेतलं की दुसऱ्या वेळेला ते सूर न सूर त्याच्या तारेतून निघालंच म्हणून समजा. आणि त्याचा एक नेम होता, मधे खंड पडू द्यायचा नाही. वरातीत जरा खंड पडला की नाचणारे पाणी प्यायला जातात, आणि गेलेला नाचणारा काही परत येत नाही.

असा हा दणक्यात जगणारा माणूस वर्षभरापासून स्वतःच्या घरात मात्र पाऊल न वाजवता वावरत होता. कारण शिवकन्या.

शिवकन्या ही त्याची एकुलती लेक. लहानपणी देवीच्या जागरणात बापाशेजारी उभी राहून अशी गायची की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या. तिला जांब समर्थच्या आदिनाथला दिली. जावई जालन्यात सळयांच्या कारखान्यात फिटर होता. पोरगा गुणाचा, निर्व्यसनी, आणि नाद काय, तर गिटारचा! रायभान त्याची थट्टा करायचा, "जावईबापू, या खोक्याला बटणं बसवून घ्या, जल्दी शिकाल." आदिनाथ नुसता हसायचा. पुढं त्याला कावीळ झाली. आठवड्याच्या आत पोरगा गेला. कुणाला काही कळायच्या आत गेला.

तेरावं झालं तसं रायभाननं लेकीला आष्टीला आणलं. तिच्यासोबत कपड्यांची एक पेटी आली आणि काळ्या कव्हरातली गिटार. गिटार खुंटीला टांगली ती टांगलीच. तिनं हात लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही. आणि गाणं तर सोडाच, तिचं बोलणंही आटलं. जेवलीस का? हो. दुखतंय का काही? न्हाई. रायभानची बायको तुळजाबाई म्हणायची, "पोरगी जित्ती हाये, पण तिचा आवाज जावयासंगं गेला बघा." हे ऐकलं की रायभान उठून अंगणात जायचा. त्याला देवाकडं दुसरं काही मागायचं नव्हतं. लेकीनं एकदा गावं. पुरतं गाणं नको, एक ओळ गावी.

त्यातच जांबहून विहीणबाईंचा, साखराबाईंचा फोन आला. "पाव्हणं, येत्या महिन्यात वर्षसराद हाये. शिवकन्याला घेऊन या. आन् माझ्या आदिनाथची गिटार बी आणा. ती हितंच ऱ्हाईल."

रायभानचं टाळकं सणकलं. फोन ठेवून तो बायकोवरच ओरडला, "पोरीकडं एक वस्तू ऱ्हाइली, ती बी खुपून राह्यली त्या बाईला! काय करणार हाये गिटारीचं? शेळ्या हाकणार हाये?"

शिवकन्या आतून बाहेर आली. "त्यांचा लेक होता, आबा. देऊन टाकू," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली.

देऊन टाकू! रायभानला ठाऊक होतं, दुपारी सगळं निवांत झालं की पोरगी मोबाईल कानाला लावून बसते. त्यात एकच गाणं होतं. आदिनाथची गिटार, तिचा आवाज आणि शब्द इंग्रजी. पन्नासेक वर्षांपूर्वीचं कुण्या गोऱ्याचं संथ गाणं, जालन्याच्या भाड्याच्या खोलीत दोघांनी बसवलेलं. भिंतीआडून ऐकून ऐकून रायभानलाही ते पाठ झालं होतं. त्याला वाटलं, आपल्याला जे येतं ते आपण करावं. बापाला आणखी काय येतं?

एका दुपारी त्यानं अंगणात बँजो काढला आणि ते गाणं वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न सांडता, मधल्या मोकळ्या जागा आपल्या पदरच्या मुरक्यांनी भरून. तुळजाबाई सुपातले दाणे तसेच ठेवून बघत राहिली. वाजवता वाजवता रायभाननं वर पाहिलं तर शिवकन्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, बंद करा."

"का गं? चुकलं का कुठं?"

"चुकलं न्हाई. पण समदं तुम्हीच वाजवलं." तिनं आत खुंटीवरच्या गिटारीकडं पाहिलं. "ते गाण्याची चाल वाजवत नव्हते, आबा. ते खालून वाजवायचे, साथीला. वरची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायचे. तुम्ही त्या जागेवर बसलात. आता मी कुठं उभी राहू?"

वर्षभरात ती एवढं बोलली नव्हती. बोलली ती हे बोलली. रायभाननं बँजो खाली ठेवला. तालुकाभर वराती गाजवून आलेला माणूस, पण लेकीपुढं त्याला तोंड वर करवेना. खरं तेच बोलली होती ती. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याची जागा भरूनच वाजवलं होतं, आणि लोकांनी त्यालाच वाहवा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो खुंटीखाली जाऊन उभा राहिला. "शिवा, मला ते खालचं शिकायचंय. वर्षसरादापर्यंत. मंग दे त्यांची त्यांना."

मग तिनं गिटार काढली, कव्हराची चेन उघडली, ओढणीनं लाकूड पुसलं आणि बापाच्या मांडीवर ठेवली. नवऱ्याची बोटं बघून बघून तिला जागा माहीत होत्या. "हितं हे बोट. हे हितं. तीन बोटं एकदम दाबायची. याला कॉर्ड म्हणतात."

बटणं दाबायची सवय झालेली बोटं ती, त्यांना तारेचा काच कुठला माहीत! दोन दिवसांत बोटांची अग्रं फुटली. एक कॉर्ड तर अशी की अख्खं बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या; ती दाबताना रायभानचा जबडाही आवळायचा. तुळजाबाई हळद लावून द्यायची आणि वर टोमणा मारायची, "घ्या, आता म्हातारपणी इंग्रज व्हा!" मोबाईलवर कुणी शिकवणारा दिसला की त्याचा हात रायभान व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचा.

बोटं दुखायची ते परवडलं. अवघड होतं ते गप्प राहणं. गाणाऱ्याची जागा आली की त्याचा हात आपोआप चालीवर धावायचा. मग आतून, चुलीपुढून, आवाज यायचा, "आबा, जागा!" आणि तो जीभ चावून परत खाली यायचा. दिवसातून कितीदा तरी हे व्हायचं. पोरगी एवढ्या कारणानं का होईना बोलायला लागली होती. पण गात मात्र नव्हती. तिची जागा यायची आणि रिकामी जायची.

एकदा त्यानं विचारलं, "ह्या गाण्याचा अर्थ काय गं?"

"काही न्हाई. एक माणूस घरी यायला निघालाय, एवढंच."

रायभाननं पुन्हा कधी विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला तिघं जांबला गेले. नैवेद्य झाला, पंगती उठल्या, भावकी आपापल्या घरी पांगली. दुपार कलती झाली. ओसरीत आदिनाथच्या फोटोचा हार सुकायला लागला होता. साखराबाईंचा नवरा फार मागंच गेलेला. आता घरात ती बाई आणि दावणीच्या शेळ्या. ती भिंतीला टेकून बसली होती.

"आणा पाव्हणं, गिटार."

"द्यायलाच आणली हाये, विहीणबाई. पण एकवार वाजवू द्या. जावयाचंच गाणं हाये."

"वाजवा."

रायभान फोटोसमोर बसला आणि त्यानं सुरुवात केली. सुरुवातीचं सरलं, गाणाऱ्याची जागा आली. त्यानं ती मोकळी सोडली. शिवकन्या खांबाशी बसली होती, मान खाली. जागा तशीच गेली. तो फिरून पहिल्यावर आला. पुन्हा जागा आली, पुन्हा रिकामी गेली. त्याची बोटं शिवशिवत होती. एवढी चाल नुसती छेडली असती तर ओसरी भरून गेली असती. त्यानं छेडली नाही. आता काही ही पोर गात नाही, असं त्याच्या मनानं घेतलं आणि डोळे भरून आले, तरी हात चालूच ठेवला.

तेवढ्यात आवाज आला. हूं हूं, हूं हूं. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. शेळ्यांना हाका मारून मारून जाडा झालेला आवाज, सूर थोडा उतरलेला, पण चाल बराबर. साखराबाई! डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून ती बाई इंग्रजी गाणं गुणगुणत होती. आदिनाथ सुट्टीला घरी आला की याच ओसरीत बसून वाजवायचा, आणि ती आत भाकरी थापायची. तिला ते गाणं इंग्रजी म्हणून नव्हे, लेकाचं म्हणून पाठ झालं होतं.

अर्ध्यावर ती अडखळली. "शिवा, पुढचं ध्यानात येईना माय. पुढं कसं हाये गं?"

सासूनं विचारलं आणि सुनेनं सांगितलं, इतक्या साधेपणानं ते घडलं. शिवकन्यानं पुढची ओळ म्हटली. आवाज फाटला, तिनं तो पुन्हा धरला. मग त्याच्या पुढची, मग सगळं. तुळजाबाईनं तोंडात पदर कोंबला. रायभाननं मान वर केली नाही. आपण पाहिलं तर पोरगी थांबेल, या भीतीनं तो आपल्या बोटांकडंच बघत खालून वाजवत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी गिटारीच्या लाकडावर पडत राहिलं.

गाणं संपल्यावर साखराबाई उठली. तिनं गिटार दोन्ही हातांनी उचलून घेतली.

"राग आल्ता ना पाव्हणं तुम्हाला माझा? फोनवरच्या आवाजावरनं कळलं मला," ती म्हणाली. "नवऱ्याचं वर्षसराद झालं की बाईचं सासर सुटतंय. लोक म्हणतेत, आता तिचा काय संबंध. लेक गेला, आता सून बी जाईल, मंग मी कुणाला हाक मारू? म्हणलं, त्याची वस्तू हितं असली तर ती बघायला तरी येईल. महिन्यातून एक चक्कर मारील."

ज्या बाईला रायभाननं महिनाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती ही होती. शिवकन्या उठली, सासूच्या हातातून गिटार घेतली आणि हात पोचेल अशा खुंटीला अडकवली. कव्हर घातलं नाही.

रायभाननं डाव्या हाताची बोटं साखराबाईंपुढं धरली. फुटलेल्या कातड्यावर आता पिवळे घट्टे आले होते.

"हे बघा विहीणबाई. वाजवलं न्हाई तर हे मऊ पडतेत, आन् मंग परत पहिल्यापासून फोड. महिन्यातून एक चक्कर बिलकुल पुरायची न्हाई."

साखराबाईनं पदरानं नाक पुसलं. "मंग आठवड्याला या," ती म्हणाली. "कुणी अडवलंय?"