डाळिंबाची वाटणी

जमिनीच्या वाटण्या होतात, घराच्या होतात, दागिन्यांच्या तर काट्यावर तोलून होतात. झाडाची वाटणी मात्र होत नाही, कारण झाड म्हणजे अखंडपणाची शेवटची खूण. हे ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याला गुटी कलम माहीत नसावं. गणिताच्या बाईंना माहीत होतं.

बाईंच्या वडिलांनी तीस वर्षं पोसलेलं डाळिंबाचं बोन्साय वडिलांच्या मागे बाईंच्या गॅलरीत आलं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दोन वर्षं त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. मग त्याने नवीन घर घेतलं आणि एकाएकी त्याला वडिलांची आठवण अनावर झाली. झाड थोरल्याच्या घरी शोभतं, असं त्याचं म्हणणं पडलं. बाई भांडल्या नाहीत. एकाची दोन झाडं करता येत असताना भांडायचं कशाला? खोडाच्या मध्यावरची साल बांगडीसारखी सोलून काढायची, तिथे ओलं शेवाळ थापून वर काळं प्लास्टिक गुंडाळायचं. दोन महिन्यांत आत मुळं धरतात. मग त्याखाली कापलं की वरचं झाड स्वतंत्र, आणि खालच्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात. वरचं दादाला, खालचं आपल्याला. मुळं आली नाहीत तर अख्खं झाड तूच ने, असंही बाईंनी फोनवर सांगून टाकलं. गणिताच्या माणसाला आपल्या उत्तराची फार खात्री असते.

नर्सरीवाल्याने एकच ताकीद दिली होती: दोन महिने उघडून बघायचं नाही. बाईंनी ती इमानेइतबारे पाळली. दर रविवारी प्लास्टिकच्या वरच्या तोंडातून सिरिंजने थोडं पाणी सोडायचं, एवढंच. सिरिंजांना घरात तोटा नव्हता, कारण बाईंचे यजमान निवृत्त ड्रेसर होते. चौतीस वर्षं इस्पितळात लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना ड्रेसरच म्हणत.

दोन महिने भरले. दादा रविवारी यायचा होता. शनिवारी शाळेतून आल्यावर बाईंनी गॅलरीत स्टूल ओढलं, कात्री घेतली आणि सुतळी कापली. प्लास्टिक सुटलं. आत शेवाळ नव्हतं.

आत गॉज होतं. पांढरंशुभ्र, चार पदरी, कडा आत दुमडलेलं. बाईंनी ते उलगडलं. खाली आयोडीनचा पिवळा डाग, आणि त्याखाली साल. नवी, गुळगुळीत, गुलाबीसर, सगळीकडून जुळून आलेली. मूळ एकही नाही. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. उत्तर तेच आलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा या."

ड्रेसर टॉवेलला हात पुसत आले. त्यांनी खोडाकडे पाहिलं, अंगठ्याने साल हलकेच दाबली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बाईंना पुढचं सगळं न विचारताच कळलं. तरी त्यांनी विचारलं. वीस वर्षांची सवय. पोराने चूक कुठे केली ते पायरीपायरीने वदवून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ड्रेसरांनी मोकळेपणाने सांगितलं. तिसऱ्याच दिवशी त्यांना ते गाठोडं दिसलं. उघडून पाहतात तो काय, उघड्या जखमेवर ओला चिखल आणि वरून हवाबंद प्लास्टिक. असा अघोरी इलाज त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. बाईंच्या हातून वडिलांच्या झाडाला काहीतरी लागलंय आणि त्या लपवताहेत, हे त्यांनी ताडलं. विचारून बायकोला कशाला लाजवायचं? म्हणून बाई शाळेत गेल्या की एक दिवसाआड ते पट्टी बदलत आणि वरचं प्लास्टिक होतं तसं बांधून ठेवत. दर सोमवारी पट्टी ओली कशी सापडते, याचं कोडं मात्र त्यांना अखेरपर्यंत सुटलं नव्हतं.

"जखम मध्ये जरा बिघडली होती," ते म्हणाले. "आतून पांढरे दोरे निघाले. जंतांसारखे."

बाईंचा हात कात्रीवरच राहिला. "किती?"

"पहिल्यांदा पाच-सहा. चिमट्याने काढले. पंधरा दिवसांनी परत आले. तिसऱ्या खेपेला तर चांगले बोटभर लांब होते. स्पिरिटने पुसून घेतलं, तेव्हा कुठे थांबले."

"सगळे काढलेत?"

"काढू नको तर काय पाळू?"

बाई स्टुलावर बसल्या. शून्याने भागणारी पोरं त्यांनी पाहिली होती, त्रिकोणाला चौथा कोन काढणारीही पाहिली होती. पण बरोबर आलेलं उत्तर तीनदा खोडून पाटी स्वच्छ करून देणारा विद्यार्थी त्यांच्या घरातच राहत होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

"ती मुळं होती," त्या म्हणाल्या. मग साल, शेवाळ, दादा, दिलेला शब्द, सगळं त्यांनी सपाट आवाजात सांगितलं.

आता हबकायची पाळी ड्रेसरांची होती. दादा, झाड, वाटणी हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलं. ते एकाच जागी अडकले.

"म्हणजे ती जखम तू केलीस? जाणूनबुजून?"

"हो."

"जिवंत खोडाची साल सोललीस. गोल."

"हो म्हणते ना."

"आणि ती भरूच द्यायची नव्हती?"

"नव्हती."

ड्रेसर दाराला टेकले. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा प्यायले, जी मुंगी दिसली तर पाऊल उचलून बाजूला ठेवते, तिच्याकडे ते नव्याने बघत होते. बरं व्हायला नको असलेला रोगी त्यांना चौतीस वर्षांत भेटला नव्हता. चहा कुणी केला नाही. दोघं गॅलरीत बसून राहिले, एकमेकांचा धसका घेतल्यासारखे, आणि मध्ये डाळिंब ठणठणीत उभं होतं.

रविवारी दादा आला. बाईंनी त्याला पाणीसुद्धा न विचारता थेट गॅलरीत नेलं. मुळं आली नाहीत, शब्दाप्रमाणे झाड तुझं, असं एका दमात सांगून टाकलं आणि मान दुसरीकडे फिरवली. ड्रेसर मागे हात बांधून उभे होते. चूक आपली आहे, तिची नाही, असं त्यांनी मेहुण्यांना दोनदा सांगितलं. दादाने दोन्ही वेळा मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही. त्याने खिशातून मेजर टेप काढली, कुंडीच्या तळापासून शेंड्यापर्यंत लावली आणि आकडा वाचला.

बावीस इंच.

टेप आत ओढून घेत दादा म्हणाला, राहू दे मग. तुझ्या वहिनीने टीव्हीशेजारचा कप्पा अठरा इंच उंचीचा करून घेतलाय.