उघड्या डोळ्यांचा प्राणायाम

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चाळीसगावचे धान्य व्यापारी प्रकाशचंद आणि त्यांची पत्नी सूरजबाई दोघेही आजारी पडले. गावात ऑक्सिजनची खाट मिळेना, म्हणून मुलगा अर्पित दोघांना धुळ्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथे शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या, तेव्हा नशीब चांगलं असं सगळे म्हणाले. पंधरवड्याने प्रकाशचंद एकटेच घरी आले.

अंगातला आजार गेला, पण माणूस सावरेना. दुकान अर्पितच उघडायचा. प्रकाशचंद खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून बघत राहत. आकडा चांगला असे, तरी मध्येच छाती धडधडू लागे, घाम फुटे, आता श्वास थांबणार असं वाटे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की फुप्फुसं ठीक आहेत, ही भीती मनात बसली आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि प्राणायाम करायला सांगितलं.

सून चेलना योग शिकवायची. लॉकडाऊनपासून ती गच्चीवर मोबाइल लावून बायकांचा वर्ग घेई. घरच्या माणसाला शिकवणं तिला सोपं वाटलं. पण पहिल्याच सकाळी तिने डोळे मिटायला सांगितलं आणि सासरे उठून खाली निघून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. अर्पित वैतागला, पप्पा मनावरच घेत नाहीत म्हणाला. चेलनाला ते पटलं नाही. गोळ्या ते न चुकता घेत होते. डोळे मिटायचं म्हटलं की मात्र त्यांना तिथे बसवत नसे.

मग तिने एका सकाळी वर्गाला सुट्टी दिली, कठड्याजवळ दोन खुर्च्या मांडल्या.

"पप्पाजी, डोळे उघडेच ठेवा. समोर बघत सावकाश श्वास सोडा, एवढंच."

समोर रेल्वेच्या यार्डात मालगाडी उभी होती. दोघे तिच्याकडे बघत बसले. मग प्रकाशचंद बोलू लागले.

"दुपार होती. ती म्हणाली, तुम्ही जरा पडा, मी बरी आहे. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तिची खाट रिकामी होती. चादरसुद्धा बदलली होती, बेटा."

चेलनाने विचारलं, "त्याआधी मम्मीजी काय बोलत होत्या?"

"तुझ्याबद्दलच. कैऱ्या आणल्या का म्हणे, लोणच्यात मीठ कमी घालेल ती."

सांगताना त्यांना हसू आलं आणि मग ते रडले. घरी आल्यापासून ते एकदाही रडले नव्हते.

त्यानंतर ते रोज गच्चीवर येऊ लागले. डोळे उघडे ठेवूनच श्वास घेत, सोडत. धडधड पूर्ण गेली नाही, पण आली तरी ते घाबरून हाका मारेनासे झाले. पुढे डॉक्टरांनी गोळी कमी केली. दिवाळीच्या सुमारास एकदा श्वास सोडताना त्यांनी आपणहून डोळे मिटले.

सूरजबाईंचे अंत्यसंस्कार परस्पर झाले होते, नातेवाइकांची सांत्वनाची बैठकही झाली नव्हती. सूरजबाईंचा धाकटा भाऊ पारस धुळ्यातच राहत होता, पण इतके महिने प्रकाशचंद त्याचा फोन टाळत आले होते. आता त्यांनीच त्याला फोन लावला.

"पारस, तू ये. ती कशी गेली, ते मला सांगायचंय तुला."

पारस रविवारी आला. दोघे गच्चीवर बोलत बसले. जेवण निवून गेलं, तरी चेलनाने त्यांना हाक मारली नाही.