मानबाबाची खुर्ची

या, जरा सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आमच्या वहिनींच्या मानेची हकीकत ऐकवतो. देवाचं नाव घेतल्याशिवाय मी सलूनचं शटर उघडत नाही, तेव्हा हा नास्तिक बोलतोय असं समजून उठू नका.

त्या दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर खुर्ची आणि तिच्यामागे दुखऱ्या माना बऱ्या करणारा मानबाबा. खुर्चीत एक रंगारी, अंगावर जमिनीपर्यंत लोळणारी शाल.

"खिडकीकडे बघ," बाबा म्हणाला. रंगाऱ्याची मान अर्ध्यावरच अडली. "आता डोळे मीट. अपघातात मणक्यातलं तेज सांडलं, ते मी परत भरतो."

झटका. कडाड. डोळे उघडले तर समोर खिडकी! लोकांनी हात जोडले. रंगाऱ्याने गळ्यातला पट्टा काढून टोपलीत टाकला.

पुढचा नंबर वहिनींचा. त्या गाडी चालवायला शिकवतात. त्याच्या सहा दिवस आधी शिकाऊ मुलीने सिग्नलला करकचून ब्रेक मारला आणि मागची व्हॅन येऊन आदळली. त्या दिवशी वहिनी हसत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलेना. डॉक्टरांनी तपासून औषध आणि चार दिवसांसाठी पट्टा दिला. पण आदल्या दिवसापासून उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या, हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं.

"वहिनी, आधी डॉक्टरांना सांगा," मी दहाव्यांदा म्हणालो.

"म्हणजे आणखी तपासण्या, आणखी रांगा. मागे वळून बघता येत नाही, शिकवू कशी? आणि भावजी, दाढी झाली की गिऱ्हाइकाची मान कडकन मोडता, ते कोणत्या कॉलेजात शिकलात?"

कुठल्याच नाही. वीस वर्षं मोडत आलोय. लोक मागतात, मी देतो. स्वतःचाच इतका राग आला की सांगता सोय नाही.

त्यांना आधार द्यायला मी व्यासपीठावर गेलो. शाल पसरली, मान अडली, डोळे मिटले. तेवढ्यात खुर्चीखालून 'खट्' असा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. मी शाल उचलली. सलूनचीच खुर्ची होती. बाबाच्या पायाच्या अंगठ्याने खुर्ची अडवणारा खटका सोडला होता आणि गुडघा खुर्ची हळूच फिरवत होता.

"अश्रद्धाने हात लावू नये," बाबा गरजला.

"माझी श्रद्धा देवावर आहे, खुर्चीवर नाही." वहिनींना उठवून मी स्वतः बसलो, टोपलीतला पट्टा गळ्यात आवळला आणि पायाने खुर्ची फिरवली. मान सरळ, तरी समोर खिडकी. "मान नाही वळत, माणूस वळतो."

"पण कडाड झालं ना?" रांगेतले एक आजोबा म्हणाले.

"ते बोटं मोडतानाही होतं, आजोबा. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो. त्याने दुखणं जात नाही."

रंगाऱ्याला जिन्यात गाठून पट्टा परत दिला. सभागृहातले निम्मे लोक मात्र रांगेतच. एकजण मला म्हणाला, "तुमचं काय जातं?"

डोकं आपटावंसं वाटलं.

संध्याकाळी वहिनींना दवाखान्यात नेलं. नस दबली होती. "झटका बसला असता तर हात लुळा पडू शकला असता," डॉक्टर म्हणाल्या. अजूनही वहिनींचं गाडी चालवणं बंदच आहे. रोज हलके व्यायाम करतात, वर्गात रस्त्याच्या खुणा शिकवतात, वैतागतात. वेळ लागतो, आणि त्याला माझ्याकडेही उपाय नाही. मी माना मोडणं सोडलं, म्हणून गिऱ्हाइकं रुसतात. रुसू देत.

मागून धक्का बसला, तर आज दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मुंग्या आल्या, हातातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणी प्रेमाने मान मोडायला तुमच्या हनुवटीला हात घातला, तर वर्गातल्या खुर्चीत वैतागून बसलेल्या, पण दोन्ही हातांनी फळा पुसणाऱ्या माझ्या वहिनींना तेवढं आठवा.